खंडेनवमीचा पेपर

शकुंतला आगाशे यांच्या दारावर पाटी नव्हती. साताऱ्यात खासगी चौकशा करणाऱ्या बाईला ती लागतही नाही. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला बाप त्यांचं घर बरोबर शोधून काढतो, चहा पितो आणि मुलाचं व्यसन, सासूचा स्वभाव, घरातलं दुखणं यांची चौकशी त्यांच्यावर सोपवून जातो. बाईंनी सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लोकांचं बोलणं ऐकायची सवय निवृत्तीनंतरही सुटेना, म्हणून त्यांनी तिचाच धंदा केला.

१९९९ सालचा दसरा होऊन आठ दिवस झाले होते. त्या सकाळी आलेल्या तरुणाला मात्र कुणाचंही लग्न जुळवायचं नव्हतं.

"बाई, माझ्यामुळे एक मुलगी मेली का, एवढंच मला कळायला हवं," तो म्हणाला आणि मगच खुर्चीवर बसला.

खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचणाऱ्या सुभेदार मानसिंग जगदाळ्यांनी मान वर केली. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून ते बाईंचे मदतनीस होते. लिलावात घेतलेली जुनी जीप त्यांची, आणि बाईंबरोबर गावोगाव हिंडायची हौसही त्यांचीच. सुभेदारांना सगळं कळायचं, फक्त बाकीच्यांना कळून झाल्यावर.

तरुणाचं नाव नियाज आतार. तो 'ओसरी' नावाच्या दूरशाळेत शिकवायचा. ज्या मुलांना शाळेत जाता येत नाही त्यांच्या घरी शाळा पाठवायची, म्हणून एका निवृत्त कर्नलांनी ती काढली होती. तिचे तीन प्रकार होते. चौथीपर्यंतच्या मुलांना टपालानं धडे जायचे. घरच्यांनी शिकवून उत्तरं परत धाडायची. पाचवी ते आठवीच्या मुलांना फ्लॉप्या जायच्या आणि महिन्यातून एका रविवारी ज्यांना जमेल त्यांनी साताऱ्याला यायचं. नववी-दहावीच्या ज्या मुलांकडे संगणक होता, त्यांच्यासाठी फोन-वर्ग. संध्याकाळी सहाला मुलानं आपला परवलीचा शब्द देऊन, फोनच्या तारेवरून शाळेच्या संगणकाशी जोडून घ्यायचं. मग गुरू आणि शिष्य पडद्यावर लिहून बोलायचे. अशी अकरा मुलं होती.

त्यातली मयूरी ढोले आष्ट्याची. वय पंधरा. स्नायू झिजत जाण्याचा आजार होता, सात वर्षं ती अंथरुणावर होती. तिन्ही प्रकारांतून शिकत ती दहावीला आली होती. आता सगळ्या अंगातलं एकच बोट तिचं ऐकायचं, उजव्या हाताचं पहिलं. त्याच बोटानं ती कळफलक दाबायची.

"समोरचा लिहील तसतशी अक्षरं माझ्या पडद्यावर उमटतात. तिचं एक अक्षर आलं की दुसरं यायला वेळ लागायचा. मी वाट बघत बसायचो. दोन वर्षं मी तशीच वाट बघितली," नियाज म्हणाला.

सहामाही परीक्षेला तीन संध्याकाळी ठेवल्या होत्या, सोमवार ते बुधवार. मधे दसरा होता, म्हणून ज्याला जी सोयीची ती त्यानं घ्यायची. सोमवारी, खंडेनवमीला, सहा वाजता मयूरीच्या परवलीच्या शब्दानं दार उघडलं. चाळीस प्रश्न पस्तीस मिनिटांत सुटले. अक्षरं सरसर येत होती. विज्ञानाचं एक गणित तर दहावीला शिकवतच नाहीत अशा रीतीनं सोडवलेलं होतं, इंजिनियरिंगची मुलं सोडवतात तसं. नियाजनं छापून आणलेला कागद बाईंपुढं ठेवला.

"मला राग आला. वाटलं, शेजारी कुणीतरी बसवून लिहून घेतेय. मी लिहिलं…" खाली बघत त्यानं पुढचं सांगितलं. "'दुसऱ्याकडून पेपर लिहून घेणाऱ्या मुलीला मला शिकवायचं नाही.' त्यावर उत्तर आलं नाही. तार तुटली. सहा पस्तीस झाले होते."

आठ वाजता मयूरी अंथरुणात मेलेली सापडली. गावच्या डॉक्टरांनी दाखल्यावर 'श्वास बंद पडून' असं लिहिलं आणि त्याच रात्री दहन झालं. नियाज भेटायला गेला तेव्हा आपण काय लिहिलं ते त्यानं मुलीच्या बापाला स्वतःहून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बापानं तक्रार दिली: मास्तरच्या छळानं मुलगी गेली. फौजदारांनी शनिवारी आष्ट्याला हजर व्हायला सांगितलं होतं. कर्नलांनी फोन-वर्गाला कुलूप लावलं होतं, आणि उरलेली दहा मुलं ऐन वर्षात लटकली होती.

"मला तुरुंगात घालू देत. पण ते वाक्य वाचून तिचा श्वास थांबला असेल, तर मला ते माहीत असायला हवं," तो म्हणाला.

फोन कुठून आला ते शाळेच्या संगणकाला कळतं का, असं बाईंनी विचारलं. नाही, फक्त परवलीचा शब्द बरोबर लागतो. तो कुणाकुणाला ठाऊक होता? मयूरीला, नियाजला, आणि तिच्या भावाला, कारण संगणक त्यानं बसवून दिला होता. एक्स्चेंजच्या मीटरवरून काही कळेल का, हे नियाजनं विचारायच्या आतच बाईंनी मान हलवली. मीटर पंधरवड्यानं वाचतात. त्यातला एक तास वेगळा कोण काढून देणार?

तो गेला. मग बाईंनी कपाटातून एक फाईल काढून सुभेदारांपुढं टाकली.

"पुष्कर आप्पासो ढोले. आष्टा. मार्चमध्ये इथल्या एका घरानं चौकशी करायला सांगितली होती. मुलगा इंजिनियर, निर्व्यसनी. मी शेवटी लिहिलं, बहीण अंथरुणाला खिळलेली, दुखणं रक्तातून येणारं असू शकतं. स्थळ मोडलं."

"मंग खरं तेच लिवलं की तुमी," सुभेदार म्हणाले.

"खरं लिहिलं," बाई म्हणाल्या. "जीप काढा."

---

आष्ट्यात आप्पासो ढोल्यांचं मोटारी आणि पंपांचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. मागं घर. आप्पासो साठीचे, शिस्तीचे. बाईंनी आपण शाळेतर्फे चौकशीला आल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पाणी दिलं, पण चहाचं विचारलं नाही.

खंडेनवमीचा दिवस त्यांनी नीट सांगितला. सकाळी त्यांनी स्वतः दुकानातली हत्यारं, तराजू, टेम्पो आणि पुष्करची मोटरसायकल, सगळ्यांची पूजा केली. हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत या घरात हत्याराला कुणी हात लावत नाही आणि वाहन जागचं हलत नाही. मग ते पाव्हण्यांकडं गेले ते रात्री साडेआठला परतले. मयूरीच्या यंत्राची पूजा केली का, या प्रश्नावर ते म्हणाले, "तिच्या खोलीत मी न्हाई गेलो. ते काय हत्यार हाय व्हय."

कऱ्हाडची माणसं एकादशीला पुष्करसाठी घर बघायला येणार होती. आता सुतकामुळं दिवस पुढं गेला होता, पण त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. तेराव्यानंतर येतो म्हणाले होते. हे सांगताना आप्पासोंचा चेहरा जरा सैल पडला आणि बाईंनी ते बघून ठेवलं.

घरात बाईमाणूस एकच, आप्पासोंची विधवा बहीण रंगुबाई. मयूरीची आई पोरीच्या लहानपणीच वारलेली, त्यामुळं मयूरीचं न्हाणं-खाणं, तिला कुशीवर वळवणं, सगळं आत्याच करायची. नऊ दिवसांत रंगुबाई वाळून गेल्या होत्या. मयूरीचं नाव निघताच त्या भिंतीला टेकल्या.

त्या दिवशी साडेतीनला त्या मळ्यात शेवंतीची फुलं तोडायला गेल्या, सव्वापाचला परत आल्या. सहाला अंबाबाईच्या देवळात गेल्या आणि पावणेआठच्या आरतीपर्यंत तिथंच होत्या. गल्लीतल्या सगळ्या बायका बरोबर होत्या. फुलं आणल्यावर मयूरीच्या खोलीत गेला होतात का?

"न्हाई," त्या घाईनं म्हणाल्या. "आठाला ताट घिऊन गेले तवाच. भितीकडं त्वांड करून निजली हुती. गोधडी कानापातूर. पाठीवर उन्हाची तिरीप पडलेली, तर मी मनात म्हनलं, निजू दे बाई, दमली आसंल."

मग ताट खाली ठेवून हाक मारली, आणि अंग थंड लागलं. तेवढं सांगून त्या रडायला लागल्या. सुभेदारांनी रुमाल काढून दिला.

संगणक चालू कोण करून द्यायचं, हे बाईंनी हळूच विचारलं. बटण भिंतीवर उंच होतं, मयूरीचा हात पोचत नव्हता. रोज सहाच्या आधी आत्याच ते दाबायची. त्या दिवशी कुणी दाबलं? रंगुबाईंनी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, मला आठवत नाही, पुष्करनं दाबलं असेल.

खोली नऊ दिवस तशीच बंद होती. रंगुबाईंनी ती झाडूही दिली नव्हती. पश्चिमेला खिडकी. खाट भिंतीला लावलेली, आणि खाटेच्या मोकळ्या बाजूला टेबल ओढून त्यावर संगणक ठेवलेला. मयूरी त्या बाजूला वळवून ठेवली तरच तिचं बोट कळफलकावर जाईल, अशी रचना होती.

पडद्यावर वाळलेल्या शेवंतीची माळ होती. कळफलकावर हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि कळांवर अक्षता वाहिलेल्या. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. हळद कुठंही पुसलेली नव्हती. तांदळाचे दाणे कळांवर जसेच्या तसे होते.

"लय चांगली पूजा केलीय," सुभेदार म्हणाले.

"होय," बाई म्हणाल्या. "फार चांगली केली आहे."

पुष्कर दुकानात भेटला. पंचविशीचा, नीटनेटका, प्रत्येक वाक्य पुरं करणारा. बहिणीविषयी तो आदरानं बोलला. आतार सरांवर त्याचा राग नव्हता, पण कायदा कायद्याचं काम करील असं त्याचं मत होतं. खंडेनवमीला तो अकराच्या एसटीनं सांगलीला गेला होता, कारण गाडी पूजेत होती. दिवसभर मित्राच्या संगणक-वर्गात काम केलं आणि रात्री निरोप आल्यावर परतला.

"संध्याकाळी साडेसहापर्यंत ती पेपर लिहीत होती हे तर तुमच्या शाळेच्याच कागदावर आहे," तो म्हणाला. "त्यानंतर काय झालं ते तुमच्या सरांना विचारा."

जीपमध्ये बसल्यावर सुभेदारांनी आपला निष्कर्ष सांगितला. आत्याच. घरात तीच होती, खोटं तीच बोलत होती, आणि सात वर्षं कुणाचं हगणं-मुतणं काढल्यावर माणूस कंटाळतो. बाई म्हणाल्या, आत्या खोटं बोलली हे बरोबर आहे. बाकीचं सांगलीत बघू.

सांगलीला एसटी स्टँडच्या मागं अश्फाक नावाच्या तरुणाचा संगणक-वर्ग होता. त्याला लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळं तो भडाभडा बोलला. पुष्कर त्या दिवशी साडेपाचला आला. सकाळी? छे, सकाळी वर्ग बंद होता. आल्यावर तो कोपऱ्यातल्या मोडेमच्या मशीनवर बसला. साताऱ्याला कंपनीचं काहीतरी काम पाठवायचं आहे म्हणाला. सहा ते साडेसहा त्यानं कुणाशी बोलणं केलं नाही. मग मात्र सगळ्यांना भजी खायला घातली आणि निरोप येईपर्यंत तिथंच गप्पा मारत बसला.

"एक गंमत झाली," अश्फाक म्हणाला. "गाडीला झेंडूचा हार तसाच होता. मी म्हटलं, अरे, पूजेची गाडी आज कशी बाहेर काढलीस? आमच्या शेजारचे हिंदू लोक आज सायकलसुद्धा काढत नाहीत. तर म्हणाला, एसटी चुकली."

परतताना पेठ नाका आला तसा सुभेदारांनी जीपचा वेग कमी केला.

"आवं बाई," ते म्हणाले, "पन ती साडेसहापातूर जित्ती हुती न्हवं?"

---

शनिवारी सकाळी दहाला नियाज ठाण्यात हजर होण्याऐवजी फौजदारच ढोल्यांच्या घरी आले. बाईंनी त्यांना गाठून एक तास मागून घेतला होता. मयूरीच्या खोलीत आप्पासो, पुष्कर, दाराशी रंगुबाई, आणि उंबऱ्याबाहेर नियाज. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही.

बाई संगणकाच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हा कळफलक बघा. मयूरीनं सोमवारी सहा ते सहा पस्तीस चाळीस उत्तरं यावर लिहिली असं शाळेचा कागद म्हणतो. प्रत्येक अक्षराला बोट टेकवायचं म्हटलं तर हजारो वेळा बोट टेकलं असतं. इथं हळदीची एक रेघ मोडलेली नाही, तांदळाचा एक दाणा घसरलेला नाही."

पूजा नंतर केली असेल, फौजदार म्हणाले.

"कुणी? आप्पासो या खोलीत आले नाहीत, तेच सांगतात. रात्री आठला मयत सापडल्यावर यंत्राला माळ कोण घालेल? आणि सहा ते आठ घरात दुसरं माणूसच नव्हतं. पूजा सहाच्या आधी झालेली आहे." त्या वळल्या. "रंगुबाई, तुम्ही मला म्हणालात, आठाला गेले तेव्हा तिच्या पाठीवर उन्हाची तिरीप होती. रात्री आठला ऊन कुठून येणार? ते ऊन तुम्ही पाहिलंत खरं, पण साडेपाचला. फुलं घेऊन तुम्ही आत आला होतात."

रंगुबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"यात भिण्यासारखं काय होतं?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "विधवेनं पूजा केली, हेच ना?"

मग रंगुबाई बोलल्या. मयूरीनंच हट्ट धरला होता. बाबा टेम्पोला हार घालतात, माझ्या यंत्राला कुणी घालत नाही. आत्या, तूच पूजा कर, हळद-कुंकूसुद्धा तुझ्याच हातानं. पेपर ती बुधवारी देणार होती. सोमवारी यंत्राला सुट्टी, असं तिनंच ठरवलं होतं. आत्या आली तेव्हा पोरगी निजली होती, म्हणून तिनं आवाज न करता पूजा उरकली आणि ती देवळात गेली.

"दुसऱ्या दिसी समदी म्हनाय लागली, तिनं पेपर दिला आन मेली," रंगुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, उठून तिनं पूजेच्या यंत्राला हात लावला. माझ्या हातची पूजा, रांडमुंड बाईच्या. ती तिला भोवली. मीच मारली पोरीला."



बाईंनी पुढचं सरळ सांगितलं. मयूरीला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. आत्या तिला नेहमी संगणकाकडं तोंड करून ठेवायची. साडेतीनला आत्या मळ्यात गेली आणि साडेपाचला परत बघते तर मुलगी भिंतीकडं वळवलेली, गोधडी कानापर्यंत ओढलेली. कुणी दारातून डोकावलंच तर झोपलेली वाटावी, म्हणून. तिचा श्वास कोंडून तिला वळवणारा माणूस त्या दोन तासांत घरात होता.

"पुष्कर, तुम्ही अकराच्या एसटीनं गेला नाहीत. साडेचारनंतर मोटरसायकलवरून गेलात. पूजेचा हार तिला तसाच होता, तो अश्फाकनं पाहिला. उशीर चालणार नव्हता, कारण सहाला सांगलीहून तिचा पेपर सुरू करायचा होता. परवलीचा शब्द तुम्हाला ठाऊक, संगणक तुम्ही बसवलेला. ती साडेसहापर्यंत जिवंत आहे असं शाळेच्या कागदावर आलं, की साडेपाचपासून सांगलीत चारचौघांत बसलेल्या भावाकडं कुणाचं बोट जाणार? पण ती एका बोटानं लिहायची हे तुम्ही विसरलात, आणि तिच्या यंत्राची कुणी पूजा करील हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. दहावीचं गणितही तुम्ही तुमच्या कॉलेजच्या रीतीनं सोडवलंत."

"म्हणजे मी पूजा करत हुते तवा…" रंगुबाईंना वाक्य पुरं करता येईना.

"ती गेलेली होती," बाई म्हणाल्या. त्यांना ते वेगळ्या शब्दांत सांगता आलं नाही.

उंबऱ्याबाहेरून नियाजचा आवाज आला. "मग मी ते तिला बोललोच नाही?"

"नाही. ते तुम्ही याला बोललात."

नियाज तिथंच खाली बसला आणि त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं.

पुष्कर शांत होता. देहाची राख झाली आहे, डॉक्टरचा दाखला आहे, तांदळाच्या दाण्यांवर कुठल्या कोर्टात खटला उभा राहतो, असं त्यानं फौजदारांना विचारलं. मग तो बाईंकडं वळला.

"तीन स्थळं मोडली माझी. पहिलं तुमच्या कागदानं, त्याखाली आगाशे हे नाव होतं. पुढच्या दोघांनी तोच कागद वाचला होता. तुम्हाला बरं ठाऊक होतं, असलं काही लिहिल्यावर त्या घरात काय होतं ते."

 

आप्पासो खाटेच्या कडेवर बसले होते. ते उठले ते मुलाकडं गेले नाहीत, बहिणीपुढं येऊन उभे राहिले.

"मला त्याच राती कळलं हुतं," ते म्हणाले. "गाडीच्या चाकाखाली मी ठेवल्यालं लिंबू चिरडलं हुतं. पोरगी आज ना उद्या जायाचीच हुती, रंगे. ह्यो मागं उरल्याला हाय. त्याला गमावून मी काय करू?" आणि मग फौजदारांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पूजा मी केली. सांजच्याला, आठ वाजल्यावर. हिचं डोकं ठिकाणावर न्हाई. हिला बावीस वर्सं मी पोसलीय, हिला इचारा."

सगळं त्या एका बाईच्या शब्दावर येऊन थांबलं. पूजा आपण केलीच नाही असं ती म्हणाली असती, तर नियाजच्या हातात त्याच दुपारी बेड्या पडल्या असत्या. फौजदारांनी लिहायला पेन काढलं होतं. बाईंनी मात्र रंगुबाईंकडं बघायचं टाळलं. आधीच एकदा आपल्या शब्दानं या घराचं काय झालं ते त्यांनी आत्ताच ऐकलं होतं.

रंगुबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"माझ्या हातानं न्हाई ना मेली?" त्यांनी बाईंना विचारलं.

"नाही."

"मंग लिवा, सायेब. साडेपाच वाजता पूजा म्या केली. ह्या हातानं केली. पोरगी भितीकडं त्वांड करून हुती, आन मी तिची गोधडी नीट करून निघून गेले." भावाकडं त्यांनी बघितलं नाही. "आप्पा, तुझं अन्न खाल्लंय, ते खरं हाय. पन तिला मी भरवलंय."

ठाण्यात जबाब लिहून व्हायला दोन तास लागले. पुष्करला फौजदारांनी चौकशीसाठी ठेवून घेतलं. खटला टिकेल का, हे आपल्याला सांगता येणार नाही, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. नियाजवरची तक्रार मात्र त्यांनी त्याच्यासमोर बाजूला काढली. नियाज आभार मानायला आला आणि रंगुबाईंच्या पाया पडून एसटी स्टँडकडं चालू लागला.

मधल्या वेळात ढोल्यांच्या घरून एक माणूस येऊन ठाण्याच्या पायरीवर गाठोडं ठेवून गेला होता. दोन लुगडी, एक गोधडी, पितळी तांब्या. निरोप काही नव्हता आणि त्याची गरजही नव्हती.

रंगुबाई अंगठा उठवून बाहेर आल्या आणि ते गाठोडं बघून थांबल्या. सुभेदारांनी ते उचलून जीपमध्ये ठेवलं, त्यांना हात देऊन मागं बसवलं आणि गाडी सुरू केली.

"आत्याबाई," त्यांनी मागं वळून विचारलं, "कुठं सोडू तुमास्नी?"

रंगुबाई विचार करायला लागल्या. गाडी सुरूच होती. बराच वेळ झाला तरी त्यांना एकाही गावाचं नाव आठवेना.